तिसऱ्या खेपेचं तेलुगू

हसा की, हसा — पण बिड्या वळता वळता हसा, न्हायतर सुपातली तंबाकू सांडायची. परत म्हणू? तप्पु नादि. बराबर हाय न्हवं? चूक माझी — एवढंच म्हणायचंय मला ह्या शेजारच्या दारात, आन् आज तिसरी खेप हाय. दोनदा कडीला हात लावला आन् माघारी गेले, रिक्षात बसून थेट जुळे सोलापुरात, माझ्या घरी. दमले बाई आता.

व्हय, तीच मी. प्रियदर्शनीची सासू, अंबुबाई. वळखलं न्हवं? बघा, हात थांबला तुमचा.

तिला मराठी येत न्हाय व्हय? येतंय की! माझ्यापरीस झ्याक येतंय. पण मराठीत तिला लई बोलून झालंय माझं — म्हणून हे. आमी मेंढरामागची माणसं, पोरानं तेलुगू बायको केली, ते गिळलं मी. पण नात, पायल, बोलाय लागली ती तेलुगूतनंच — तवा म्हणलं, माझ्या घरात हे चालायचं न्हाय. तवापास्नं प्रियदर्शनी पोरीला निजवायची ती दार लावून, तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत. आन् मी भाईर कान लावून — कशाला सांगतीय मी तुमास्नी हे? — कान लावून हुबी राहायची, आन् आवाज आला की कडी वाजवायची. दोन वर्सं! मग एक दिवस पोरीला घिऊन ती हितं माहेराला आली, ती आलीच.

मग शिकाय लागले. आमच्या भाजीवालीसंगं, रोज सकाळी. पण तिच्याकडं काय मिळणार? एंत, तग्गिंचु — केवढ्याला, कमी कर. घासाघीस तेवढी फर्मास येती! घासाघीस करून सून घरी येती व्हय? म्हणून तुमच्या पायरीला बसले. इंटिकि रा — घरी चल. हे बी बराबर? तुमी म्हणा, मी मागनं म्हणते. तप्पु नादि. इंटिकि रा. हुतंय की! आज न्हाय भ्यायची. उठते बघा, ही उठले —

थांबा. ऐकू आलं? तीच हाय. पायलला निजवतीय. खिडकी सताड उघडी टाकून, मोठ्यानं. एवढा मोकळा आवाज हाय तिचा? मला न्हवतं बाई ठावं.

आता कडी कशी वाजवू मी?

न्हाय, तुमी हाक मारू नका तिला. वळा बिड्या. गाणं संपू द्या.