रेघेचा सात

लोर्ना: नाव वाचलं नाही मी, कोच. नाव नसतंच त्या उत्पन्नाच्या फॉर्मवर. मी सात वाचला.

कोच: सात?

लोर्ना: पोटात आडवी रेघ असलेला. या गावात तसा सात एकच माणूस काढतो. आठ वर्षं संघाच्या यादीत माझा नंबर तुम्ही तसाच लिहीत होतात.

कोच: बापानं शिकवलं तसं. तो स्लोव्हाकियातून येतानाच घेऊन आला होता. कारखान्यात खोकी मोजायचा. सातचा एक वाचला की त्याचा पगार कापायचे.

लोर्ना: म्हणून रेघ. घोळ होऊ नये म्हणून. आणि आता त्याच रेघेनं घोळ घातलाय. सत्तेचाळीस हजार डॉलर? वर्षाला? या घरात?

कोच: तू नगरपालिकेची कारकून म्हणून आलीस, की माझ्या सॉफ्टबॉल संघाची पिचर म्हणून?

लोर्ना: जिचं ऐकाल तिच्या नावानं आले.

इर्मा (स्वयंपाकघरातून, कोचची बायको): बस म्हणावं तिला! कोबी-नूडल्स गरम आहेत.

लोर्ना: बसायला वेळ नाही, इर्मा काकू. पाच वाजता टपाल जातं. आज गेलं नाही तर नव्या गटारासाठी राज्याचा फंड पुढच्या वर्षी.

कोच: एका फॉर्मनं काय होतंय? दोनशे बारा घरं आहेत.

लोर्ना: त्यातली निम्मी रेषेखाली लागतात. शेहेचाळीस हजारांच्या खाली. एकशे सहा. माझ्याकडे एकशे पाच आहेत.

कोच: दुसऱ्या कुणाचा तरी बदल.

लोर्ना: मी कुणाचा बदलत नाही. खोटं लिहा असंही म्हणत नाही. खरं लिहा म्हणतेय. कोरा फॉर्म आणलाय. जुना तुम्ही तुमच्या हातानं फाडायचा.

कोच: त्याच्या माथ्यावर काय छापलंय, वाचलंस? ‘वंचित वस्ती ठरवण्यासाठी पाहणी’. वंचित! एकतीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर उभा राहिलो मी. अर्ध्या देशाची लोणची आमच्या बरण्यांत मुरली. आणि राजधानीतला कुणी टायवाला मला वंचित म्हणणार?

लोर्ना: कारखान्याच्या मालकाला लाज वाटली होती?

कोच: त्याचं काय इथं?

लोर्ना: दहा वर्षं त्याला कर माफ केला आपण. तुम्ही सभेत टाळ्या वाजवल्यात, मी शेजारी बसले होते. त्याला कुणी वंचित म्हणालं नाही. गुंतवणूकदार म्हणाले. अकराव्या वर्षी भट्टी विझवली आणि तुमची निम्मी पेन्शन बुडवून गेला. फुकट घेणाऱ्यानं मान ताठ ठेवायची आणि फेडायला तयार असणाऱ्यानं खाली घालायची? हे कर्ज आहे, कोच. भीक नाही.

कोच: निम्मं माफ आहे म्हणालीस ना सभेत?

लोर्ना: निम्मं माफ. उरलेलं एक टक्का व्याजानं, तीस वर्षं. मी म्हातारी होईपर्यंत फेडत असेन.

कोच: आणि फंडानं नाही म्हटलं तर?

लोर्ना: तर बँक. घरटी महिन्याला एकशे चाळीस, नुसतं गटाराचं. आज अडतीस आहे. व्हायोला भरेल?

कोच: व्हायोलाला मधे आणू नकोस.

लोर्ना: ती मधे नाहीच. ती खाली आहे. रस्त्याच्या तळाशी, नदीकडेला. पावसाचं आणि संडासाचं एकाच नळातून जातं, शंभर वर्षं झाली त्या विटांना. अर्धा इंच पाऊस पडला की नळ फुगतो आणि तळघराच्या मोरीतून वर येतं.

कोच: माझ्याकडे नाही येत.

लोर्ना: येईल कसं? मोरीच्या तोंडात तीन फुटी पाइप आवळून उभा केलाय तुम्ही, पाणी त्यातच चढतं, बाहेर सांडत नाही. मग इथं चढायचं पाणी जातं कुठं?

कोच: सगळ्यांनीच केलाय.

लोर्ना: तिनंही केलाय. तिच्याकडे पाइपावरून वाहतं. मागच्या मंगळवारी गेले होते मी. कपडे धुवायचं मशीन तरंगत होतं. एकोणऐंशी वर्षांची बाई बादलीनं तुमचा-माझा गू उपसत होती. आमच्या प्रत्येक सामन्याचा धावफलक लिहिला तिनं, एक धाव इकडची तिकडे झाली नाही. मला म्हणाली, कोचना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. फॉर्मवरही तेच केलंत तुम्ही. आपलं तेवढं कोरडं.

कोच: मी खोटं लिहिलं नाही. शेवटच्या वर्षाचा पगार तेवढाच होता.

लोर्ना: कुठल्या शेवटच्या वर्षाचा?

कोच: भट्टी चालू होती, त्या.

लोर्ना: त्याला एकोणीस वर्षं झाली.

इर्मा: सत्तावीस हजार चारशे.

कोच: इर्मा!

इर्मा: काय इर्मा? दोघांची सरकारी पेन्शन, कारखान्याची उरलीसुरली, आणि शाळेच्या कँटीनमध्ये मी ताटं धुते त्याचे. सत्तावीस हजार चारशे.

कोच: तू तिथं नुसती मदतीला जातेस, असं सांगायचं ठरलं होतं आपलं.

इर्मा: ठरलं होतं. पण हिचा पोरगा त्याच ताटात जेवतो. मदतीला जाणारी बाई वीस वर्षं रोज सकाळी सहाला जात नाही, हे त्याला पहिलीतच कळलं.

लोर्ना: त्यानं मला कधी सांगितलं नाही, काकू.

इर्मा: शहाणा आहे. तुझ्यावर नाही गेला.

कोच: पेन आहे का तुझ्याकडे?

लोर्ना: हे घ्या. इथं, उत्पन्नाच्या चौकटीत.

कोच: ते फॉर्म मोजतं कोण?

लोर्ना: चर्चच्या तळघरात तिघं. ओढ्यापलीकडचा डेल, आणि पोस्टातल्या दोघी.

कोच: म्हणजे तेही हा सात ओळखणार.

लोर्ना: साधा काढलात तरी चालेल. राज्याला सात कळला म्हणजे झालं.

कोच: दोन… सात… चार… शून्य, शून्य. घे.

लोर्ना: रेघ मारलीत.

कोच: बापाची आहे ती. ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं. जुना दे इकडे, फाडतो.

लोर्ना: निघते मी, कोच. चार वीस झाले.

इर्मा: डबा घेऊन जा. आणि वाटेत व्हायोलाला दे, तुला नाही. आणि तुम्ही, तो पाइप काढणार ना?

कोच: कुठला पाइप?

इर्मा: मोरीतला.

कोच: संध्याकाळी पाऊस सांगितलाय, इर्मा.

इर्मा: म्हणूनच विचारतेय. तिच्याकडे दोन फूट चढतं. आपल्या तळघरात एक चढलं, तर तिच्याकडे एकच.

कोच: नवा नळ पडायला दोन वर्षं लागतील.

इर्मा: लागू देत.

कोच: माझे रबरी बूट कुठं ठेवलेस?