खळ्यावरचं आणि गोदामातलं

परदेशातून आलेलं मदतीचं धान्य आज वाटलं जाणार होतं, म्हणून गोदामाबाहेर लांबलचक रांग लागली होती. माझ्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या. धाकटीची मान सारखी वर.

“जाऊबाई, आभाळ भरून आलंय.”

“येऊ दे. तीन वर्षं येत नव्हतं, तेव्हा त्याच्याच नावानं रडत होतीस.”

“तेव्हा खळं रिकामं होतं हो. आज सगळं धान्य वाळत पडलंय उघड्यावर.”

“सासूबाई आहेत ना घरी.”

“त्यांना ताडपत्री ओढवतेय होय? गुडघे धरून बसल्या असतील.”

“मग जा तू.”

“मशीनवर टेकवायचा अंगठा तुमच्याकडे ठेवून जाता आलं असतं तर कधीच गेले असते. एक खेप चुकली की माझं कार्ड रद्द.”

“मला काय सांगतेस? माझ्या भावाचं झालं ना तसंच.”

“पण यंदा आपल्याच घरात पिकलंय. कशाला हवंय हे परक्याचं?”

“यंदा पिकलं. पुढच्या वर्षीची हमी तू देतेस?”

“मी कोण देणार? आभाळालाच ठाऊक नाही.”

“मग उभी राहा गुमान.”

रांग दोन पावलं सरकली आणि थांबली. माझ्या हातावर थेंब पडला.

“जाऊबाई, आला हो पाऊस! धावत गेले तर निम्मं तरी वाचेल.”

“आणि उरलेलं निम्मं?”

“ते भिजेल.”

“मग हे धान्य लागणारच की आता. सरक पुढे.”