चारांतली एक लाइन

नर्सने शिंप्याच्या डोळ्यांत थेंब घालून त्याला डोळे मिटून बसवलं होतं. त्यामुळे शेजारच्या मायलेकांचं बोलणं तेवढं कानावर येत होतं. मध्येच मुलाचा फोन थरथरला.

"बँकेतनंच ना? जा बाबा. वडिलांच्या ऑपरेशनलाही असाच पळाला होतास."

"आज नाही जात, आई. पैसे पाठवायची एक लाइन बंद पडलीय फक्त."

"तेव्हाही लाइनच पडली होती."

"तेव्हा दोनच होत्या. त्याही मी एकाच यंत्रातून नेल्या होत्या. यंत्र बसलं आणि दोन्ही गेल्या."

"एवढं साधं कळलं नाही तुला?"

"कागदावर दोन दिसत होत्या ना! आता चार यंत्रांतून चार आहेत. एक पडली की तिचं काम बाकीच्या तिघी वाटून घेतात."

"पडली हे कळतं कसं?"

"दर पाच सेकंदांनी प्रत्येकीला हाक जाते. ओ आली नाही, की तिला काम देणं बंद."

"आणि तिच्या हातातलं अर्धवट काम?"

"ते दुसरीकडे जातं. पण आधी झालंय का ते विचारून, नाहीतर गिऱ्हाइकाचे दोनदा पैसे कापले जातील."

"अगं बाई! हे सगळं तुझ्याशिवाय?"

"माझ्याशिवाय."

फोन पुन्हा थरथरला. शिंप्याने कान टवकारले. शेजारची खुर्ची करकरली नाही.

"आता काय म्हणतायत?"

"लाइन परत उभी राहिली."

दार उघडलं.

"आजी, चला आत. सोबत कोणी आहे का?"

"आहे की! हा काय, मुलगा बसलाय माझा."