नाक मागायचं राहिलं

…नवस माझा होता, भाऊ, म्हणून चूकही माझीच — तो ग्लास खाली ठेवा आधी. नाही हो, काही पडलेलं नाही त्यात. ठेवा. हे तळघरात गेलेत दुसरी बाटली आणायला, बावीस पायऱ्या आहेत नि गुडघे दुखतात त्यांचे, तेवढ्यात सांगून होईल. दोन वर्षांमागं ह्यांना ताप चढला, नऊ दिवस डोळा उघडला नाही, तेव्हा मी देवाला म्हटलं — ह्यांना उठव, पुन्हा जन्मात तुझ्याकडे काही मागणार नाही. उठवलं! देव शब्दाचा पक्का. मीच मेली वेंधळी — जीव मागितला, नाक मागायचं राहिलं. दवाखान्यातून घरी आले ते वास हरवूनच. आता पुन्हा कुठल्या तोंडानं मागू?

ह्यांचं चाखण्या-पारखण्याचं काम अडलं का? नाही अडलं. जीभ शाबूत आहे ना! ही तुमच्यापुढची कॅबर्ने वाइन — बारा वर्षं झाली तिला — घोटाबरोबर हिरड्या कशा आवळतात, आंबटपणा कुठवर पुरतो, अजून दहा वर्षं तग धरेल का, सगळं ते जिभेवर सांगतात. वास तेवढा मी. थेंब चाखत नाही हो, नुसती हुंगते. काळी फळं, पेन्सिल तासल्याचा वास, खाली जरासं चामडं — हे चिडवतात, ‘आमची ही जन्मभर नाकानं कांदे सोलत आली, आता कुठं नाक कामाला लागलं!’ बाटली उघडली की बूच स्वयंपाकघरात येतं. चांगलं असलं तर मी ओट्यावर उभं ठेवते, बिघडलं असलं तर आडवं, ह्यांना तेवढ्यावरून कळतं. बस. गेल्या वर्षीचं मिश्रणही असंच — म्हणजे केलं ह्यांनीच, मी फक्त कुठल्या पिंपातलं किती ते — अगं बाई, काय बोलून बसले मी! वाइनरीच्या मालकांना सांगू नका. कळलं तर तळघराच्या किल्ल्या काढून घेतील, आणि ह्या माणसाला दुसरं काही येत नाही हो. त्यांनी तुम्हाला धाडलंय ते वाइनला गुण द्यायला, की ह्यांना? …नका सांगू.

आज तुमच्यादेखत बूच आत कसं पाठवणार? उघडली, ओतली, हसत तुमच्या हातात दिली. मला दारातच आला वास — भिजून कुबटलेल्या पुठ्ठ्याचा. बूच नासलंय. वाइनचा दोष नाही, ह्यांचाही नाही. पण तुम्ही ग्लास नाकाशी नेला असता नि विचारलं असतं, ‘हे तुम्हाला कळलं नाही?’ — काय उत्तर देणार होते ते?

पाय वाजले का? नाही, फळी वाजली. आता बघा — लागला माझा कोपर, झाली बाटली आडवी. ग्लास द्या इकडे, तोही गेला. तीस वर्षांत ह्या टेबलावर थेंब सांडला नव्हता. ओरडतील, ओरडू देत. फडकं घेऊन मी इथंच पुसत राहीन, म्हणजे नवं बूच माझ्या नाकाखालीच निघेल. ती चांगली लागली तर चांगले गुण द्या, वाईट लागली तर वाईट — खोटं लिहा म्हणणार नाही, पाप लागेल मला.

आले. वरची पायरी करकरते. भाऊ, मी देवाकडे पुन्हा काही मागत नाही — तुम्हीही तसाच शब्द द्या. हिरड्यांचं विचारा, आंबटपणाचं विचारा, किती वर्षं टिकेल ते विचारा. वासाचं तेवढं ह्यांच्याकडे मागू नका.