लिओ कुठे राहत होता

"हॅलो?… कोण, शर्लीन?… थांब गं, किटली उतरवते. किंचाळतेय मेली."

जेनने किटली बाजूला सरकवली, हात ॲप्रनला पुसले आणि रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. शर्लीन म्हणजे लिओच्या बहिणीची मुलगी. ती न्यूफाउंडलंड बेटापासून दूर पश्चिमेला, अल्बर्टा प्रांतात, एका दुकानात लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद भरून द्यायचं काम करायची. मामा गेला, तेव्हा त्याचे शेवटचे कागदही आपणच भरून देऊ, असं ती मामीला म्हणाली होती.

"हां, बोल आता… अगं, बरी आहे… खाते गं, खाते. काल शेजारच्या मार्जने टोपभर वाटाण्याचं सूप आणून दिलं… नाही, मागच्या दाराशी बर्फ अजून गुडघाभर आहे… गळतंय ना. जिन्यावरच गळतंय. बादली ठेवलीय… तुझ्याकडे सकाळ असेल अजून? कामावरून बोलतेस?… मला तो हिशेब कधी जमला नाही बाई. तीन तास असते तरी जमलं असतं, हा वरचा अर्धा तास कुठून काढला आपल्या बेटाने कोण जाणे. तुझा मामा पहिल्या वर्षी मी झोपले की फोन करायचा. धडपडत उठायचे मी, वाटायचं कुणीतरी मेलं… हो ना. मग शिकला आपोआप."

ती थोडी हसली. शर्लीनही तिकडे हसली असावी, कारण जेनला थांबावं लागलं.

"झाले कागद?… गुणाची गं माझी… काय? मला परत मिळणार? सरकारकडून?… किती म्हणालीस?… शर्लीन, म्हातारीची थट्टा करू नकोस."

जेनने खुर्ची ओढली आणि बसली.

"अगं, पण दर एप्रिलला आम्हालाच भरावे लागायचे. तुझा मामा तिकडे जायला लागला तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. परत कधी दमडी आली नाही… हो… हो… ते कळतं मला. पगार तिकडच्या हिशेबाने कर कापून हातात येतो. ज्या प्रांतात काम, त्या प्रांताचा दर. आणि तुमचा प्रांत हलका… हां. मग वर्षाच्या शेवटी बघतात माणूस राहतो कुठे. आमचा प्रांत जड. मधला फरक आम्ही घालायचा… तेच म्हणते मी. मग या वर्षी तो फरक गेला कुठे?… माणूस मेला म्हणून सोडून दिला होय?"

पलीकडून काहीतरी सावकाश सांगितलं जात होतं. जेनचा हात टेबलावरच्या पावाच्या चुऱ्याशी खेळत होता, तो थांबला.

"काय लिहिलंस?… पुन्हा सांग… मृत्यूच्या दिवशी राहण्याचा प्रांत, अल्बर्टा."

"…नाही. रागावले नाही गं… कळतंय. दिवसभर तेच लिहितेस, तुझी सगळी गिऱ्हाइकं तिकडचीच. हाताला सवय झालीय… हो. पण शर्लीन, तुझा मामा अल्बर्टात राहत नव्हता."

"…गेला तिथे. हो. गेला तिथेच… कामाला जायचा गं तो. राहायचा इथे."

"…खोली होती ना. कंपनीच्या कॅम्पात. एक पलंग, एक कपाट. त्याला राहणं म्हणतात?… दिवसांचं मला सांगू नकोस. कामाचे दिवस किती, सुट्टीचे किती, त्यातले विमानात किती गेले, सगळं येतं मला. तिकडचेच जास्त भरतात. मार्ज परवा इथे बसून काय म्हणाली माहितीये? 'तुझा लिओ म्हणजे आयुष्यभर पाहुणाच गं.' प्रेमानेच म्हणाली. पण मला लागलं ते… तिला तरी काय बोलणार? तिचा फ्रान्सिस तर…"

जेनने वाक्य अर्धंच सोडलं. मार्जचा नवरा फ्रान्सिस आणि लिओ एकाच विमानाने पहिल्यांदा गेले होते. बंदरातला मासे साफ करायचा कारखाना बंद पडला, त्या हिवाळ्यात.

"तुला आठवत नसेल. फ्रान्सिसने चार-पाच वर्षांतच कागदावर प्रांत बदलला. मी लिओच्या मागे लागले होते. म्हटलं, बघ, तेवढंच काम, आणि त्याच्या हातात किती जास्त पडतात! तूही बदल ना. लाज कसली, कागदच तर आहे… तर काय म्हणाला, 'फ्रान्सिस तिकडेच राहतो आता, जेन.' बस. एवढंच… हो, मग खरंच. फ्रान्सिस नाताळला यायचा थांबला. मार्ज अजून त्याच्या बाजूची उशी बदलते."

"…अगं, कंजूस होता तो! तुला काय माहीत नाही? तिकडे विक्रीकर पाच टक्के आणि इकडे पंधरा, म्हणून बूट तिकडून, माझा कोट तिकडून, भिंतीला भोकं पाडायचं यंत्रसुद्धा तिकडून. विमानतळावर बॅग उचलवायची नाही. दारात पाय ठेवला की पहिलं वाक्य, 'दहा टक्के वाचवले बघ!'… हो, हो, तो पाव भाजायचा डबा पण! तुझ्या लग्नातला… आणि तोच माणूस एप्रिल आला की या टेबलाशी बसून गुपचूप चेक लिहायचा. एकदाही कुरकुर नाही. कुरकुर मीच करायचे."

जिन्यावरच्या बादलीत एक थेंब पडला.

"…हो, आहे मी… कळतंय मला, बाळा. छप्पर होईल त्या पैशांत. घर तापवायच्या तेलाची टाकी भरेल. कुणी विचारायला येणार नाही, तेही खरं… पण ऑक्टोबरात त्या कंपनीच्या बाईचा फोन आला ना, तेव्हा आधी वाईट वाटलं म्हणाली, मग विचारलं, सामान कुठे पाठवू. म्हटलं, घरी. तर म्हणाली, घरचा पत्ता सांगा. त्यांच्याकडे खोलीचा नंबर होता गं. घराचा पत्ता नव्हता. इतकी वर्षं… आता तुझ्याही कागदावर तेच लिहून ठेवलं, तर मग लिओ घरी राहत होता, हे लिहून ठेवणारं कोण उरलं?"

"…नाही, तुला नाही बोलत मी. तू रडू नकोस आधी."

शर्लीनने मग कामाचं काहीतरी विचारलं असावं. जेन नीट बसली.

"पुरावा?… म्हणजे इथेच राहायचा याचा?… हां, विमानाची तिकिटं चालतील? जपून ठेवायचा तो. त्या खोक्यात असतील… नाही गं. उघडलं नाही अजून… ऑक्टोबरपासून तसंच आहे. दाराशी. वर टोप्या ठेवते मी त्याच्या… थांब, आणते. फोन ठेवू नकोस. वायर पोचते तिथपर्यंत, त्यानेच वाढवून दिलीय."

खोकं तिला वाटलं होतं तेवढं जड नव्हतं. पाव कापायच्या सुरीने तिने चिकटपट्टी कापली आणि रिसीव्हर मानेत धरला.

"…उघडलं. शर्ट आहेत. कुणीतरी धुतलेत बघ, वास परका येतोय… दाढीचं सामान… अय्या, माझी मुरंब्याची बाटली! धुवून ठेवलीय. पुन्हा भरून घ्यायला… नाही, नाही, ठीक आहे मी. थांब, मोज्यात काहीतरी आहे… घड्याळ. मनगटावरचं… बंद पडलंय वाटतं, भलतीच वेळ दाखवतंय. सव्वा… नाही गं, चालू आहे. काटा फिरतोय… शर्लीन, तुझ्याकडे किती वाजले?"

"…पावणेदहा. बरं… तुझ्या भिंतीवर बघून सांग नीट… पावणेदहाच."

तिने मान वर केली. चुलीवरच्या भिंतीवर लग्नात मिळालेलं घड्याळ होतं. त्यात सव्वा वाजला होता. मग तिने हातातल्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

"शर्लीन… हे आपल्या वेळेचं आहे."

"…अगं आपल्या! इथल्या! अर्ध्या तासासकट… नाही, कोण लावणार? ऑक्टोबरपासून खोकं बंद होतं. तिकडून आलं तसंच आहे."

जेनला वाटलं लाइन गेली.

"हॅलो?… हां… अगं, तो चुकायचा थांबला होता ना. मी ताटं मांडली की फोन वाजायचा. बरोबर त्याच वेळी. मी म्हणायचे, शिकला एकदाचा बोटांवर मोजायला… आणि घरी आला की हे काढून खिडकीत ठेवायचा. काटे फिरवताना मी त्याला कधी पाहिलं नाही. कधीच नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही, शर्लीन. सगळी माणसं तिकडच्या घड्याळावर उठत होती, जेवत होती, आणि हा दर वेळी मनात साडेतीन तास वजा करून कामावर जात होता…"

तिने रिसीव्हर छातीशी धरला. थोड्या वेळाने कानाला लावला.

"…आहे मी. आहे… तू नाक पूस. दुकानात बसलीयेस ना, लोक बघतील… हां. आता ऐक माझं. ते खोड. खोडता येतं ना?… मग खोड. न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर लिही. पूर्ण लिही… हो, माहितीये. परत काही येणार नाही, उलट भरावे लागतील… त्याचा ट्रक विकते ना. मला कुठे चालवता येतो… हो, घेणाऱ्याला त्याच्यावर पंधरा टक्के पडतील, भाव पाडून मागेल मेला. पाडू दे… छपराचं उन्हाळ्यात बघू. बादली आहे."

"…तिकिटं शोधते. सापडली की पाठवते. आणि नाही सापडली तर… नाही, घड्याळ कशाला कागदाला जोडतेस! वेडी. ते मी देणार नाही कुणाला."

"…तू कधी येतेस?… अगं, घरी म्हणजे इथेच. अजून कुठे… बरं. बरं, बघ जमलं तर. बेकॲपलची फळं ऑगस्टात पिकतात, तेव्हा ये. दलदलीत एकटीने जायचा कंटाळा येतो आता… हो… हो गं. तो भरायचा तसंच भर. किती ते मला नंतर सांग, चेक मी लिहीन. याच टेबलाशी."

"…ठेव आता. माझं जेवण राहिलंय. इथे दोन्ही घड्याळांत सव्वा होऊन गेला."