मास्तरांची फुंकर

मास्तर : ...तर डॉक्टर, हा श्वासाचा पंप आता तुमचा तुम्हाला. तीन महिने ओढतोय, काडीचा फरक नाही.

मुलगी : बाबा, त्यांना बोलू तरी द्या!

मास्तर : तूच म्हणालीस ना, यात स्टेरॉइड असतं, एकदा लागलं की सुटत नाही?

मुलगी : आत्या म्हणाली. मी फक्त तुमच्या कानावर घातलं.

डॉक्टर : आत्यांना सांगा, याची सवय लागत नाही. स्टेरॉइड आहे, पण अगदी थोडं, आणि जातं ते थेट फुप्फुसात. गोळीसारखं अंगभर फिरत नाही. त्रास मुळीच नाही असं म्हणणार नाही. तोंड येतं, आवाज बसतो, कधी छातीत जंतुसंसर्ग होतो. त्यावर मी लक्ष ठेवते. चूळ भरता ना?

मास्तर : न चुकता. उभी हयात ट्रम्पेट वाजवलंय, तोंडाची निगा कशी राखायची ते मला सांगू नका. पण फुप्फुसाच्या या सीओपीडीनं पार वाट लावली हो. एक ओळ वाजवली की धाप. सोमवारपासून क्लास बंद. पोरांसमोर खोकत बसायची लाज वाटते.

डॉक्टर : करा बंद. त्याआधी एकदा पंप घेऊन दाखवा.

मास्तर : इथं?

डॉक्टर : इथंच. घरी घेता तस्सा.

मास्तर : त्यात काय दाखवायचं! ही कॅप्सूल घातली, हे फिरवलं, आणि...

(मास्तर पंप ओठांना लावून आधी जोरात फुंकतात, मग ओढतात.)

मुलगी : अहो बाबा, शर्ट बघा! रोज हेच पांढरं धुतेय मी. मला वाटायचं, तुम्ही अंगाला पावडर लावता!

डॉक्टर : मास्तर, आधी फुंकलंत का?

मास्तर : म्हणजे काय? वाजवण्याआधी फुंकून नळी मोकळी करायची, आतली ओल काढायची. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

डॉक्टर : इथं औषधच त्या नळीत असतं. तीन महिने उपचार झाले ते तुमच्या शर्टावर.

मुलगी : हसू नका हो डॉक्टर, मला पण येतंय.

मास्तर : हसा, हसा. म्हणजे औषध कुचकामी नव्हतं?

डॉक्टर : नव्हतं. दुसरी घाला, पहिली वाया गेली. श्वास सोडायचा तो तिकडे, खिडकीकडे. आता पंपाभोवती ओठ घट्ट मिटा, एका दमात खोल ओढा. धरा... लांब सूर धरता तसा. सोडा.

मास्तर : जिभेवर गोडसर लागलं. असं कधी लागलंच नव्हतं.

मुलगी : डॉक्टर, बाबा आता पहिल्यासारखे होतील?

डॉक्टर : नाही. फुप्फुसाचं गेलंय ते गेलंय. पण उरलंय ते चांगलं चालवू. धाप कमी होईल, त्याची मला खात्री आहे. महिन्यानं या, मग बघू.

मुलगी : मग बाबा, सोमवारी पोरांना काय कळवू?

मास्तर : या म्हणावं. पहिली ओळ मी वाजवीन. माझा दम संपला की पुढची त्यांनी उचलायची.