नाकात फुकलेली गाडी

न्हाई, मी म्हणतो, गाडीच्या खरेदीत मेंढराचा संबंध येतोच काहून? तुमीच सांगा! गाडी कुणाची? माझी! चालवणार कोण? मी! रोज आखाडा बाळापूर ते हिंगोली अन् हिंगोली ते आखाडा बाळापूर अप-डाऊन करणार कोण? तेबी मीच! अन् पसंत कुणी करायची, तर आमच्या आबांनी, ज्या माणसानं जन्मात कधी सायकलवर टांग टाकली न्हाई... हं, आलो गं, आलो! आमच्या मंडळी आहेत, राधिका, दळण आणायला हाक मारून राहिल्या. आणतो दळण, गिरणी काय पळून जात न्हाई. तर काय सांगत होतो... थांबा, जरा दम घेऊ द्या, मला सुरू व्हायला वेळ लागतो.

गोष्ट दोन हजार सात सालची. मी रामप्रसाद, हिंगोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पंधरा वर्षं मोटारसायकलवर काढली बघा! उन्हाळ्यात तोंड भाजायचं, अन् हिवाळ्यात छातीला वारं लागू नये म्हणून शर्टाच्या आत पेपर कोंबायचा. वर्गात खडू उचलायला वाकलो की पोटातून पेपर वाजायचा अन् पोरं विचारायची, "सर, आज काय बातमी?" पंधरा वर्षं! मंग एक दिवस ठरवलं, बस्स, आता गाडी. अन् नुसती गाडी न्हाई, जरा स्पोर्टी पाहिजे, पायाखाली दाबली की पाठ सीटला चिकटली पाहिजे! आता चाळीस वर्षांच्या विज्ञानाच्या मास्तरला असं काही वाटू नये असा काही जीआर निघालेला आहे का? नांदेडच्या स्टँडवरून गाड्यांची मासिकं आणायचो अन् वह्यांच्या गठ्ठ्यात लपवून वाचायचो. राधिकानं एकदा पकडलं. म्हणाली, "ह्या लाल गाडीकडं बघून राहिले तसं मला बघायला आले तवा बी बघितलं न्हाई तुमी."

तर हिंगोलीत पुनमचंद शेठ, जुन्या गाड्यांचा धंदा. त्यांच्या वाड्यात दोन गाड्या उभ्या. एक लाल, पेट्रोलवाली, साधी, म्हंजे बिनटर्बोची. दुसरी काळी, डिझेलवर, अन् टर्बो! दोन्ही चपळ, दोन्ही देखण्या, दोन्हीचं दार कसं हलक्या हातानं लागायचं... अन् पुनमचंद शेठ? ते तर साखरेचा माणूस! "गुर्जी, लाल देखो, लाल! मक्खन है मक्खन! पाय ठेवला की निघाली!" मी म्हटलं, अन् काळी? "काळी? तूफान! तूफान है गुर्जी!" मंग मी कोणती घेऊ? "दोन्ही घ्या ना!" ...आता बोला! वर आणखी म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतो, काळीला वसमतचा एक गुत्तेदार, रस्त्याची कामं घेणारा, बघून गेला आहे."

माझा जीव काळीवर. एकदम काळीवर! शेठनं वाड्याबाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर मारू दिली होती, अन् त्या टर्बोनं मला असं काही मागं ढकललं की पंधरा वर्षांचा पोटातला पेपर गेला, धूळ गेली, मी कॉलेजातला झालो! पण आमच्या घरात एक कायदा आहे. आमी मेंढरं-शेळ्यावाले. घरात मेंढी येवो, बैल येवो, काही येवो, आमच्या आबांनी, म्हंजे नामाजींनी, पाठीवरून हात फिरवून "ठीक हाय" म्हटल्याबिगर ते दारातून आत येत न्हाई. पैसे माझे असले तरी न्हाई! अन् चाळीस वर्षांत मी निवडलेल्या एका वस्तूला त्या माणसानं "ठीक हाय" म्हटलेलं न्हाई. छत्री आणली, "कापड पातळ हाय." रेडिओ आणला, "आवाज नाकातून येतो." चष्मा आणला, माझ्या डोळ्यांचा, माझ्या नंबरचा... "तुला बराबर दिसंना त्यातून," म्हणे! आता मला दिसतं का न्हाई हे मला कळंल का आबांना? पण काय आहे, हसू नका, मला आतून वाटायचं की एकदा, एकदाच, मी निवडलेल्या एखाद्या वस्तूवर ह्या माणसानं हात ठेवावा. बस, एवढंच. गाडी कुणाची? माझी! चालवणार कोण? मी! पण हात आबांचा पाहिजे होता, हे खरं.

रविवारी सकाळी आबांना घेऊन गेलो. संगं माय, पंचफुलाबाई, अन् राधिका. शेजारचा ग्यानोबा कुणी न बोलावता आला, तो कुठंबी येतो. अन् आमचा मेकॅनिक, सेवा मिस्त्री, हा मी बोलावलेला, कारण म्हटलं शिकलेला माणूस समजावून सांगंल. हीच माझी चूक!

आबा वाड्यात शिरले. रंग बघितला न्हाई, काच बघितली न्हाई. आधी मागून बघितलं, गाडी चारी पायांवर बराबर हुबी हाय का. मंग धुराच्या नळीपुढं तळहात धरला. मंग बॉनेटला कान लावला. अन् पुनमचंद शेठला विचारलं, "किती वेत झाले हिचे?" शेठ माझ्याकडं बघायले! मी म्हटलं, शेठ, मालक किती झाले विचारून राहिले ते. "हां हां, सिंगल ओनर, बाबा, एकच!" आबा म्हणाले, "म्हंजे पहिलारू हाय." शेठनं नुसती मान हलवली.

मंग आबांनी विचारलं, "ह्या दोघीत फरक काय?" अन् मी बोलायच्या आत सेवा मिस्त्रीनं तोंड उघडलं. "आबा, सोपं हाय. ही लाल, ही आपल्या नाकानं श्वास घेती. जेवढी हवा आपसूक आत जाईल तेवढ्यावर पळती. अन् ही काळी, हिचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, अन् तो पंखा हिच्यात हवा फुकतो. जोरात! म्हणून हिला ताकद जास्त."

आबांचा चेहराच बदलला. "फुकतो?"

"व्हय आबा, फुकतो."

"म्हंजे हिला आपल्या नाकानं दम घेता येत न्हाई?"

"तसं न्हाई आबा..."

"फुकावं लागतं ना?"

"व्हय, पण..."

"मंग नको. जलमताच अधू हाय ते."

संपलं! विज्ञान संपलं, मासिकं संपली, सगळं संपलं! आता तुमाला सांगतो ह्यात काय आहे ते. मेंढी व्याली अन् कोकरू निपचित पडलं, श्वास घेईना, तर मेंढके काय करतात? कोकराला उचलतात, तोंडातला चिकटा बोटानं काढतात अन् त्याच्या नाकात फुकतात. लागला श्वास तर लागला. आबांनी जन्मभर शेकड्यानं कोकरं फुकली. अन् त्यांचा हिशेब पक्का, फुकलेल्या कोकराचा भरवसा न्हाई, ते कळपाच्या मागं मागं राहतं. आता ह्या माणसाला मी डिझेलचं इंजिन कसं समजावू? दहावीच्या पोरांना समजावतो मी, पस्तीस मार्कवाल्यांना समजावतो! तरी ग्यानोबा मधीच, "पर आबा, दम्याच्या पेशंटला बी पंप देतेत ना, तसंच असंल हे." ह्याला कुणी बोलावलं होतं?

मी म्हटलं, आबा, चालवून तर बघा! तर आबा म्हणे, "बघू. पण मोकळी न्हाई. बैल बघायचा तर वझं लादून चढाला बघावा." झालं, पाचाच्या गाडीत आमी सहा! मी, आबा, माय, राधिका, सेवा अन् बिनबोलावलेला ग्यानोबा, निघालो सिद्धेश्वरच्या धरणाकडं. आधी लाल. खोटं कशाला बोलू, लाल गुणाची होती. पाय ठेवला की हूं, उचलला की थांबली. चढाला लागलो तवा दोनदा गेर खाली टाकावा लागला, इंजिन असं ओरडलं की धरणावरचे बगळे उडाले, पण चढली. आबा म्हणाले, "बोलती जादा, पण आज्ञाधारक हाय."

परत वाड्यात येऊन काळी घेतली. तीच सहा माणसं, तोच रस्ता, तोच चढ. मी पाय दाबला... काही न्हाई. अजून दाबला... काहीच न्हाई! माय म्हणाली, "निजली का रे?" आबा म्हणाले, "म्या म्हणलं न्हाई?" ग्यानोबा म्हणाला, "उतरून ढकलू का?" मी मनात म्हणून राहिलो, उठ बाई, उठ, माझी इज्जत ठेव... अन् तुमाला सांगतो, त्याच क्षणी तो पंखा फिरला! गाडीनं जी उडी घेतली! आबांचा फेटा मागच्या सीटवर, मायचा पदर सेवाच्या तोंडावर, ग्यानोबा राधिकाची क्षमा मागून राहिला, अन् मी? मी हसून राहिलो हो! चढ कवा सरला कळलं न्हाई! सहा माणसं घेऊन, गेर न बदलता!

वर थांबलो. आबा खाली उतरले, फेटा बांधला, शांतपणे म्हणाले, "लाल घे."

मला काय झालं ठाऊक न्हाई. चाळीस वर्षांत आवाज चढवला न्हाई, तो चढला. म्हटलं, आबा, गाडी कुणाची? माझी! चालवणार कोण? मी! चढली का न्हाई ही? तुमच्या वझ्यासगट चढली का न्हाई? आबा म्हणे, "चढली. पण आधी निजली ना? उद्या मेंढरं आडवी आली अन् तवाच जागी झाली तर? फुकलेल्याचा भरवसा न्हाई, रामपरसाद. म्या हातानं फुकलेत, मला नको शिकवू."

अन् मंग आमची माय बोलली. माय, जी आबांच्या पुढं कधी बोलत न्हाई, ती पदर झटकून म्हणाली, "व्हय का? फुकलेल्याचा भरवसा न्हाई? मंग हे जे तुमच्या पुढं हुबं राहून वरडून राहिलंय, हे कुणी फुकलं व्हतं?"



मला काही माहीतच न्हाई! माय सांगायली अन् मी ऐकून राहिलो. आबा अन् माय मेंढरं घेऊन पूर्णा नदीच्या काठाला उतरले होते, तिथंच मी झालो. रडलो न्हाई, हललो न्हाई, निळा पडलेलो. सुईणीनं हात जोडले, म्हणाली, गेलं लेकरू. अन् ह्या माणसानं मला उचललं, तोंडात बोट फिरवलं अन् नाकात फुकलं, कोकराला फुकतात तसं. "एकदा न्हाई, लई वेळा," माय म्हणाली. "सुईण म्हणायली सोडा, तर तिच्यावर खेकसले. मंग लई येळानं हे रडलं. अन् जे रडलं ते सकाळपस्तोर थांबलं न्हाई."

आबा धरणाच्या पाण्याकडं बघून राहिले. मी आबांकडं. खरं सांगू? ह्या माणसाला माझी छत्री आवडली न्हाई, रेडिओ आवडला न्हाई, अन् मी आपला समजून बसलो की मीच आवडलो न्हाई!

मी काही बोलणार, तेवढ्यात आबा वळले, गाडीकडं गेले, अन् काळीच्या बॉनेटवर हात ठेवला. सावकाश फिरवला, मानेकडून पाठीकडं. "ठीक हाय," म्हणाले. मी चावी बंद करायला हात घातला तर खेकसले, "बंद नको करू लगीच! धावून आलंय ते, जरा दम खाऊ दे. अन् सकाळी उठल्या उठल्या हाकलू नको, अंगात ऊब येऊ दे आधी. फुकलेल्याला जपावं लागतं." सेवा मिस्त्री आ करून बघायला लागला. म्हणाला, "सर, टर्बोवालीचे हेच नियम सांगणार होतो मी! आबांना कुणी सांगितलं?"

तर अशी काळी आली. तवापासून रोज संध्याकाळी मी दारात गाडी उभी केली की आबा ओसरीतून हात वर करतात, "थांब! दम खाऊ दे!" अन् मी सायबासारखे कपडे घालून दोन मिनिटं चालू गाडीत बसून राहतो. शेजारचा ग्यानोबा रोज विचारतो, "सर, बिघडली का?" रोज! अन् राधिका... तिला तर नवस फळल्यासारखं झालं! त्याच दिवशी धरणावर म्हणाली होती, "तरीच! मी म्हणते, हाक मारली की अर्धा घंटा उठत न्हाईत, अन् उठले की सगळं घर डोक्यावर घेतात! मामंजी, लग्नाच्या आधी काहून सांगितलं न्हाई?" अन् आबा हसले हो! चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या निवडीवर... न्हाई, राधिका त्यांचीच निवड, जाऊ द्या.

तर मी काय म्हणत होतो? गाडी कुणाची? माझी! चालवणार कोण? मी! मंग मेंढराचा संबंध येतोच काहून... हं? आलो, आलो गं! दळण ना? येऊन राहिलो, येऊनच राहिलो...

ऐकलं? ऐकलं का आबा ओसरीतून काय म्हणाले?

"सूनबाई, हाका नको मारू. फुकलेलं हाय ते, उठंल दमानं."